वाचा गेली, जाण राहिली



हा विषय मी दोन वर्षे लांबणीवर टाकत आलो आहे. तो आमच्याच घरात घडला, आणि त्यात आमच्या घराची फारशी शोभा नाही. परंतु गेल्या पर्युषणात जळगावला तीन निरनिराळ्या कुटुंबांत थोड्याफार फरकाने तीच कथा ऐकली, तेव्हा आता लिहिलेच पाहिजे असे वाटले.

आमचे थोरले काकासा धुळ्याला अडतीचा व्यवसाय करीत. भुईमूग आणि मिरची हा त्यांचा मुख्य माल. घरात ते मारवाडी बोलत, शेतकऱ्याशी अहिराणी, कचेरीत मराठी, सुरतेच्या व्यापाऱ्यांशी गुजराती आणि इंदूरच्या दलालांशी हिंदी. गर्दीच्या दिवशी एका तासात पाचही भाषा त्यांच्या तोंडून निघत, आणि एकीतून दुसरीत जाताना ते कधी अडखळत नसत. एके दिवशी सकाळी सामायिक आटोपून ते उठू लागले, तोच उजवा हात लुळा पडला आणि ओठाचा एक कोपरा खाली ओघळला. काकींनी ‘काय होतंय?’ म्हणून विचारले, तर तोंडून दोन-तीन अर्थहीन अक्षरे बाहेर पडली. कोणी पित्त म्हटले, कोणी वात. चमच्याने पाणी पाजले, त्याचा जोराचा ठसका लागला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार उलटली होती. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकली होती.

जीव वाचला. महिना-दीड महिन्यात काकासा काठी धरून चालू लागले. बोलणे मात्र परतले नाही. काहीही विचारले तरी ‘हां तर, हां तर’ एवढेच उत्तर. पाणी हवे असले तरी तेच, रागावले तरी तेच. आणि याच काकासांच्या तोंडून पहाटे नवकार मंत्र पहिल्या पदापासून शेवटपर्यंत स्पष्ट आणि शुद्ध निघे. घरात दोन तट पडले. एकाला तो चमत्कार वाटला. दुसरा दबल्या आवाजात म्हणे, मंत्र म्हणता येतो, मग ‘पाणी’ का म्हणता येऊ नये? म्हातारपणाचा हट्ट आहे. काही काळाने तिसरेच मत रूढ झाले, आणि ते सर्वांच्याच सोयीचे होते: त्यांना आता काही कळत नाही. मग त्यांच्यादेखत गोदाम विकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. त्या बैठकीस मी हजर होतो. काकासा भिंतीशी पलंगावर बसून होते. कोणी त्यांच्याकडे वळून पाहिले नाही. मीही नाही, आणि मी तर आयुष्यभर महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविलेला माणूस.

असाच एक मनुष्य पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एकवीस वर्षे राहिला होता. त्याचे आडनाव लेबोर्न. काहीही विचारले तरी तो ‘तां, तां’ एवढेच म्हणे, म्हणून सारे रुग्णालय त्याला त्याच नावाने ओळखे. 1861 च्या एप्रिल महिन्यात पायाच्या दुखण्यामुळे त्याला पॉल ब्रोका या शस्त्रवैद्याच्या विभागात आणले. येथे किती वर्षे आहेस, असे ब्रोकाने विचारले. लेबोर्नची उजवी बाजू निकामी झालेली होती. त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि शेवटी एक बोट दाखविले. एकवीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर आपली परीक्षा चालली आहे हे त्याने ओळखले, तो संतापला, आणि ज्याच्या तोंडून एक शब्द फुटत नसे त्याने खणखणीत शिवी हासडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकाने मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूच्या कपाळामागील भागात जुनी इजा आढळली. पुढे 1874 मध्ये कार्ल व्हेर्निके या सव्वीस वर्षांच्या जर्मन वैद्याने उलट प्रकारचे रुग्ण नोंदविले. ते भराभर बोलतात, परंतु बोलण्यास अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे उमजत नाही. त्यांची इजा डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या भागात असते.

या विकाराला मराठीत वाचाघात म्हणतात. जीभ, ओठ, घसा ठीक असतात, कानही ठीक असतात, आणि बहुतेक वेळा बुद्धीही शाबूत असते. तुटतो तो विचार आणि शब्द यांमधला रस्ता. एखादी वस्तू पाहून तिचे नाव उच्चारायला आपल्याला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्यात मेंदू वस्तू ओळखतो, तिचा शब्द निवडतो, त्या शब्दाचे ध्वनी क्रमाने मांडतो आणि ओठ, जीभ, स्वरयंत्र, छाती यांच्या स्नायूंना हुकूम पाठवितो. या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत, याचा अनुभव आपल्या सर्वांना आहे. जुन्या ग्राहकाचे नाव जिभेवर घोळते, पहिले अक्षरही आठवते, गावही आठवते, पण नाव येत नाही. शब्द सापडलेला असतो, त्याचे ध्वनी सापडत नाहीत. आपल्याला ही अडचण महिन्यातून चार वेळा येते. काकासांना ती प्रत्येक शब्दाला येत होती.

एक दुरुस्ती येथे केली पाहिजे. ब्रोकाचे केंद्र बोलण्याचे आणि व्हेर्निकेचे केंद्र समजण्याचे, असे दोन कप्पे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखविले. ते अपुरे होते. लेबोर्नचा मेंदू पॅरिसमध्ये जतन केलेला आहे. 2007 मध्ये त्याचे आधुनिक यंत्राने चित्रण प्रसिद्ध झाले, तेव्हा इजा ब्रोकाने वरून पाहिली त्यापेक्षा पुष्कळ खोल गेल्याचे आढळले. मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंची जुडीच तुटली होती. दोन पेढ्या शाबूत असल्या तरी मधला दळणवळणाचा मार्ग बंद पडला तर हुंडी वटत नाही, तसेच काहीसे हे आहे.

आता नवकार मंत्राचा प्रश्न. लेबोर्नच्या शिवीत त्याचे उत्तर आहे. तुलना कोणाला खटकल्यास क्षमा असावी, पण मेंदूच्या दृष्टीने दोन्ही एकाच जातीची वाक्ये आहेत. इंग्रज वैद्य जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच हा भेद दाखवून दिला. एक बोलणे आपण त्या क्षणी, त्या प्रसंगासाठी रचतो. दुसरे तयार असते: एक ते शंभर आकडे, वारांची नावे, लहानपणी पाठ केलेली स्तवने, रोजचा मंत्र, रागाच्या भरातली शिवी. यात शब्द शोधावा लागत नाही. पहिला उच्चारला की पुढचे आपोआप ओढले जातात. या तयार बोलण्यात मेंदूची उजवी बाजू आणि खोलवरची, सवयी सांभाळणारी केंद्रे यांचा वाटा मोठा असतो, म्हणून डावी बाजू दुखावल्यावरही ते पुष्कळदा शिल्लक राहते. ‘पाणी’ हा शब्द लहान आहे, पण तो ‘मला आता तहान लागली आहे’ या नव्या विचारातून काढावा लागतो. काकासा हट्ट करीत नव्हते. साठ वर्षे रोज म्हटलेले शब्द इजा झालेल्या भागाच्या बाहेर सुरक्षित होते, एवढेच. याच गुणाचा उपयोग करून, गाण्याच्या चालीवर शब्द बसवून बोलणे परत शिकविण्याची पद्धत 1973 पासून वापरात आहे. काही रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो.

शास्त्रवचनाला विज्ञानाची साक्ष काढण्याची हौस मला नाही. तरीही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपल्याकडे दहा प्राणांची गणना करताना मनोबल, वचनबल आणि कायबल ही तीन बळे वेगवेगळी मोजली आहेत. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केलेल्या आम्ही सर्वांनी काकासांचे वचनबल गेलेले पाहिले आणि मनोबलही गेले असे परस्पर ठरवून टाकले.

पाच भाषांचे काय झाले, हा पुढचा प्रश्न. मेंदूत मारवाडीचे एक खण आणि अहिराणीचे दुसरे, अशी मांडणी नसते. बहुभाषिक माणसाच्या सर्व भाषा बव्हंशी त्याच जाळ्यावर चालतात. कोणती पुढे करायची आणि कोणती दाबून धरायची, हे काम मेंदूचा पुढचा भाग व खोलवरची केंद्रे करतात. जाळे एक असल्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी अभ्यास केला व तो 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. गावातील जैन जमीनदार घरात कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, आणि एकमेकांशी व्यवहार मराठीत. कित्येक पिढ्या एकाच तोंडातून या भाषा निघाल्याने त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेच्या वाक्यातील प्रत्येक तुकड्याच्या जागी दुसरीचा तुकडा ठेवला की भाषांतर होते. शब्द मात्र प्रत्येक घराने आपापले राखले. आपल्या घरातली मारवाडी राजस्थानातल्या पाहुण्यांना ‘खानदेशी’ का वाटते, याचे उत्तर यात सापडेल.

म्हणून वाचाघातात बहुधा सर्व भाषा एकदम दुखावतात. परत येताना मात्र कधी एक आधी येते, दुसरी मागे राहते. थेओदूल रिबो यांच्या मताप्रमाणे सर्वांत आधी शिकलेली भाषा टिकते. आल्बेर पित्र यांनी 1895 मध्ये म्हटले की सर्वाधिक वापरातली भाषा आधी परतते. दोन्ही नियमांना भरपूर अपवाद आहेत. बहुभाषिकांच्या बाजूने एक चांगली बातमी हैदराबादहून आली आहे. तेथील निझाम आयुर्विज्ञान संस्थेत 648 स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. एकच भाषा येणाऱ्यांच्या तुलनेत अधिक भाषा येणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता, आणि हा फरक निरक्षर माणसांतही दिसला. 2016 मध्ये तेथूनच 608 पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास आला. पक्षाघातानंतर बौद्धिक शक्ती अबाधित राहिलेल्यांचे प्रमाण बहुभाषिकांत 40.5 टक्के, तर एकभाषिकांत 19.6 टक्के होते. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच. काकासांच्या बाबतीत हे दोन्ही निष्कर्ष आम्ही डोळ्यांनी पाहिले. पाहिले तेव्हा आम्हाला ते वाचता आले नाहीत.

हे यंत्र असे तुकड्यातुकड्याने का निकामी होते? कारण ते घडलेच तुकड्यातुकड्याने. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. आपल्या जातीच्या माणसाचे जुन्यात जुने अवशेष सुमारे तीन लाख वर्षांचे आहेत. बोलण्याचा सांगाडा मागे राहत नाही, त्यामुळे पहिला शब्द केव्हा उच्चारला गेला हे कोणालाही सांगता यायचे नाही. काही खुणा तेवढ्या हाती आहेत. इस्रायलमधील केबारा गुहेत 1983 मध्ये सुमारे साठ हजार वर्षांपूर्वीच्या निअँडरथल माणसाचा सांगाडा सापडला. त्यातील जिभेला आधार देणारे कंठातील हाड जवळजवळ आपल्यासारखेच आहे. घसा ही बोलण्याची मोठी अट आहे असे फार काळ मानले जाई. परंतु 2016 मध्ये जिवंत माकडाच्या घशाची क्ष-किरण चित्रे घेऊन हिशेब केला, तेव्हा समजण्याजोगी भाषा उच्चारण्यास तो घसा पुरेसा आहे असे दिसले. माकडाजवळ तो घसा चालविणारा मेंदू नाही. स्वरयंत्राला बाह्य सालीतून थेट हुकूम पोहोचविणारे भरपूर तंतू माणसात आहेत, आणि पुढचा-मागचा भाग जोडणारी ती तंतूंची जुडी माणसात जशी कानामागच्या भागात दूरवर पसरलेली आहे, तशी चिंपांझीत नाही.

जनुकाचेही तसेच. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांत निम्म्याच्या आसपास माणसांना उच्चार आणि व्याकरण दोन्ही अवघड जात. 2001 मध्ये त्यांच्यातील सदोष जनुक सापडला, फॉक्स-पी-टू. वर्तमानपत्रांनी त्याला भाषेचा जनुक म्हणून टाकले. वस्तुतः तो उंदरातही असतो. माणसाच्या आणि चिंपांझीच्या या प्रथिनात अवघ्या दोन अमिनो आम्लांचा फरक आहे, आणि आपल्याकडील रूप निअँडरथल माणसातही होते. भाषेसाठी निसर्गाने नवी इमारत बांधली नाही. श्वास, गिळणे, हाताच्या हालचाली, क्रम लक्षात ठेवणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, अशा जुन्याच दुकानांत हा नवा धंदा थाटला गेला.

या काटकसरीची किंमत आपण ठसक्यात मोजतो. माणसाचे स्वरयंत्र खाली सरकलेले असल्याने अन्नाचा आणि श्वासाचा मार्ग बराच अंतर एकत्र असतो. पक्षाघातात गिळण्याचा ताळमेळ बिघडला की पाणी फुप्फुसात जाते. काकासांना तो ठसका याच कारणाने लागला. अशा रुग्णाला गिळता येते की नाही हे डॉक्टरांनी तपासेपर्यंत पाणी, चहा, औषध काहीही तोंडाने देऊ नये. चेहरा वाकडा, एक हात निर्बल, बोलणे अस्पष्ट, यांपैकी एकही एकाएकी दिसले तर वेळ पाहून ठेवावी आणि मेंदूचे चित्रण होईल अशा रुग्णालयाकडे निघावे. गुठळी विरघळविणारे औषध योग्य रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आमचे ते साडेचार तास पित्ताच्या गोळ्यांत गेले.

काकासांना लिहून सांगायला लावू, असे आमच्या मुलाने सुचविले होते. तेही जमले नाही. लेखन वाचेवरच उभे आहे आणि फार अलीकडचे, जेमतेम पाच हजार वर्षांचे आहे. त्यासाठी मेंदूत जन्मजात जागा नाही. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागाजवळची थोडी जागा प्रत्येक मुलाला सरावाने मिळवावी लागते. बोलण्यासाठी मात्र शाळा लागत नाही. जळगावजवळच्या आसोद्यात 1880 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात त्यांनी ओव्या रचल्या, घरच्यांनी त्या उतरून घेतल्या, आणि 1951 मध्ये त्या वारल्यानंतर आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने 1952 मध्ये पुस्तक निघाले. श्वेतांबर परंपरेप्रमाणे आपले आगमही शतकानुशतके मुखोद्गत राहिले, आणि देवर्धिगणींच्या काळी, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वलभीला लिहिले गेले. लेखनात कान-मात्रा गाळूनही आपल्या पूर्वजांचे काम चाले, कारण वाचणारा त्या मनाने भरी. ‘काकाजी अजमेर गया’ या महाजनी अक्षरांतल्या चिठ्ठीचे ‘काकाजी आज मर गया’ असे वाचन होऊन घरात रडारड झाल्याची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी आजोबांकडून ऐकली असेल.

मेंदूची भाषा जिभेला बांधलेली नाही, हे बहिऱ्या माणसांवरून कळले. खुणांची भाषा बोलणाऱ्या बहिऱ्यांना मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झाली तर त्यांच्या खुणांनाही वाचाघात होतो, आणि साधे हातवारे शाबूत राहतात. भाषेची सुरुवात हातवाऱ्यांतून झाली असे मानणारा एक पक्ष त्यामुळे शास्त्रज्ञांत आहे. मला तो पूर्ण पटत नाही. परंतु आमच्या घरात त्याचा एक प्रयोग झाला.

गोदामाची बोलणी पुढे सरकली होती. गिऱ्हाईक येऊन बसले होते, आकडा सांगितला गेला होता, चहा फिरत होता. काकासा एकाएकी ‘हां तर, हां तर’ करीत पलंगावरून उठू पाहू लागले. पुतण्याने त्यांना खांद्याला धरून बसविले. तेव्हा आमचे जुने मुनीमजी, जे कोणाच्या अध्यातमध्यात नसत, जवळ गेले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, काकासांच्या डाव्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. पूर्वी बाजारात भाव असाच ठरे, रुमालाखाली बोटे दाबून. दोघेही काही क्षण स्तब्ध होते. मग मुनीमजींनी आमच्याकडे वळून एक आकडा सांगितला. तो ठरलेल्या भावाहून बराच वर होता, आणि शेजारचे गोदाम मागच्याच वर्षी काय भावाने गेले हे माहीत असणाऱ्यालाच तो सुचला असता. गिऱ्हाइकाने मान खाली घातली.

त्या दिवसापासून घरातला प्रत्येक प्रश्न काकासांना हो किंवा नाही असा विचारला जाऊ लागला, एका वेळी एक, आणि उत्तराची वाट पाहिली जाऊ लागली. मुंबईहून वाचाउपचाराचे शिक्षण घेतलेली एक मुलगी आठवड्यातून दोनदा येई. फार शब्द परतले नाहीत. पहिला परतला तो मारवाडी नव्हता, मराठीही नव्हता. साक्री तालुक्यातला एक जुना शेतकरी भेटीला आला, दारात उभा राहिला, आणि काकासांनी पलंगावर शेजारची जागा थोपटून त्याला म्हटले, ‘बठ.’